उघड्या टाकीवर हात

फाल्गुन, सन १९८४

प्रिय द्वारका,

आधी घरचं सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस. सगळे बरे आहेत. तुझा बाप बरा आहे, आई बरी आहे, म्हैस गाभण आहे, आणि मी तर इतकी बरी आहे की पाच दिवसांपूर्वी बैलगाडीतून धाराशिवला जाऊन आले आणि कंबर जरासुद्धा दुखली नाही. हे अक्षर माझंच आहे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही. दुपारच्या प्रौढ वर्गात बाईंनी शिकवलं तेवढ्यावर लिहिते आहे, तेव्हा काना-मात्रा जिथं चुकेल तिथं तूच लावून घे. पत्र लांब होणार. चार दिवस झाले लिहायला बसते, तर दर वेळी कोणी ना कोणी टपकतं, मग मी वही पिठाच्या डब्याखाली सरकवते. कोणाला दाखवायचं नाही असं हे पत्र आहे. का, ते शेवटी सांगीन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

झालं असं, की मागच्या आठवड्यात शेजारचा बलभीम एक गुलाबी कागद घेऊन आला. आता मला वाचता येतं म्हटल्यावर गावातला प्रत्येक जण येतो आणि माझी परीक्षा घेतो, औषधाची बाटलीसुद्धा पुढं करतात. कागदावर लिहिलं होतं, जुन्या फटफट्यांचं प्रदर्शन आणि अदलाबदलीचा बाजार, धाराशिव, जिनिंगच्या मैदानावर. ज्याला नुसती दाखवायची त्यानं दाखवावी, ज्याला बदलायची त्यानं बदलावी. मला आधी हसूच आलं. माणसं तुळजापूरला देवीचं दर्शन घ्यायला जातात ते समजतं, पण जुन्या फटफटीचं दर्शन घ्यायला कोण जाणार. मग खाली भरवणाऱ्यांची नावं होती, ती मी बोट ठेवून वाचली. तिसरं नाव वाचलं आणि बोट तिथंच राहिलं. बिभीषण, गॅरेजवाले, एस्टी स्टँडसमोर.

आता तू म्हणशील, आजीला हे नाव कुठून ठाऊक. तू तर कोणाला सांगितलं नव्हतंस. तेही शेवटी सांगते. एवढंच समज, की तू धाराशिवला कॉलेजला होतीस तेव्हा तुझी सायकल कोण दुरुस्त करायचं आणि ती इतक्या वेळा का बिघडायची, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. आणि तेव्हापासून तो माणूस माझ्या मनात काट्यासारखा बसला होता. नावच बघ ना. रावणाच्या घरातून उठून पलीकडे गेला त्याचं नाव. देवाच्या बाजूनं गेला हे खरं, पण गेला की नाही.

इकडं तुझ्या बापानं घाई मांडली आहे. दूध सोसायटीच्या सेक्रेटरीपणात त्याच्या चार मोठ्या लोकांशी ओळखी झाल्या, त्यातूनच हे कारखान्याच्या संचालकाच्या भाच्याचं स्थळ आलं. मुलगा वाईट नाही. नवी कोरी मोटारसायकल आहे, केस मागं फिरवलेले आहेत. आबाराव रोज म्हणतो, आई, तू एकदा हो म्हण, मी सुपारी फोडतो, अक्षय तृतीयेला बार उडवून देऊ. आणि तू सोलापूरच्या नर्सिंग हॉस्टेलातून तीन ओळींचं कार्ड पाठवलंस, की तुम्ही ठरवाल तसं. तुझ्या बापाला वाटलं लेक शहाणी झाली. मी ते कार्ड दोनदा वाचलं. लहानपणी पानातली कारल्याची भाजी ताटाखाली लपवणारी पोर एका दिवसात एवढी शहाणी होते होय. ते शहाणपण नव्हतं, कशावर तरी पाणी सोडलं होतंस तू. म्हणून मी अजून हो म्हटलं नाही. म्हटलं, आधी त्या गॅरेजवाल्याला डोळ्यांनी बघून येते. लबाड निघाला तर माझ्या जिवाची काळजी मिटेल आणि मी हो म्हणून मोकळी होईन. खरं सांगायचं तर लबाड निघावा असंच मला वाटत होतं.

पण म्हातारी बाई फटफट्यांच्या बाजारात एकटी कशाला जाईल. म्हणून तुझ्या आजोबांची फटफटी काढली. तीच, मिलिटरीच्या लिलावातली हिरवी, जी दहा वर्षं गोठ्यात उभी आहे आणि जिच्या सीटमध्ये तांबडी कोंबडी अंडी घालते. आबारावाला म्हटलं, भंगारात देऊन येते. तो खूश झाला, म्हशीला जागा होईल म्हणाला. बलभीमाच्या बैलगाडीत चार माणसांनी ती चढवली, खाली कडबा अंथरला, वर माझी जुनी गोधडी टाकली आणि मी शेजारी बसले. रस्त्यानं जो भेटेल तो विचारायचा, काय काकू, बैलांवर फटफटी का फटफटीवर बैल. बलभीम प्रत्येकाला थांबून उत्तर द्यायचा. अशानं आम्ही येडशीच्या फाट्यापर्यंत यायलाच उन्हं चढली. आणि तिथं मला एकदम आठवलं, की सीटखाली घरट्यात माझी एक वस्तू राहून गेली आहे. बलभीमासमोर काढता येईना. त्याचं तोंड तुला ठाऊक आहे, त्यानं बघितलं म्हणजे पंचक्रोशीनं बघितलं. म्हटलं जाऊ दे, सीटला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

माझे वडील बैलांचा व्यापार करायचे, ते तुला सांगितलंच आहे. आणि झुलीची गोष्टही तुला आठवत असेल. बैलबाजाराचा रिवाज असा, की अदलाबदल असो का विक्री, बोलणं पक्कं व्हायच्या आधी धन्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि खोड सांगायची. मारका असेल तर मारका म्हणायचं, औताला जुंपल्यावर खाली बसत असेल तर तसं. पाठीवर हात ठेवून खोटं बोललं तर जनावर दगावतं आणि धन्याच्या घरचंही कोणी जातं, असं सगळे मानायचे. माझे वडीलही मानायचे. म्हणूनच ते बैलावर आरशांची झूल घालायचे आणि झुलीवर हात ठेवून सांगायचे, की लेकरासारखा गुणी आहे. घरी आल्यावर आईला हसत म्हणायचे, झुलीला कसलं पाप लागतंय. अशा बापाची मी लेक. गोड बोलणारा माणूस दिसला की माझी नजर त्याच्या तोंडाकडं जात नाही, हाताकडं जाते.

मैदानावर गेलो तर काय सांगू तुला. पन्नास तरी फटफट्या असतील, ओळीनं लावलेल्या, बैल बांधावेत तशा. कोणी टाकीला तेल चोपडलं होतं, कोणी हँडलला गोंडे बांधले होते, एकानं तर पुढच्या दिव्याला हळद-कुंकू लावलं होतं. काही इंग्रजांच्या काळातल्या, काही निजामाच्या पोलिसांकडच्या म्हणे, पण म्हणे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसला नाही, कारण तोच माणूस तासाभरापूर्वी तीच गाडी राजाच्या जावयाची म्हणून सांगत होता. एका मास्तरांनी किक मारून मारून चप्पल तोडली तरी त्यांची गाडी खोकण्यापलीकडं गेली नाही. नुसती चाकं घेऊन आलेले होते, नुसत्या टाक्या घेऊन आलेले होते, एकाकडं फक्त भोंगे होते आणि तो प्रत्येक बाईमाणसाकडं बघून एक वाजवायचा. बाईमाणसं म्हणजे मी आणि एक शेंगा विकणारी. मला लई मजा वाटली द्वारका, खोटं कशाला बोलू. पण मी तोंडावर दिसू दिलं नाही. बाजारात आपण खूश आहोत हे दिसलं की माणूस लुबाडला जातो.

फाटकाशी एक फळा होता. मी उभी राहून एकेक अक्षर लावलं. लिहिलं होतं, गाडीवरचं कापड काढून, उघड्या टाकीवर हात ठेवून खोड सांगावी, मगच अदलाबदल. ते मी पुन्हा एकदा वाचलं. बैलाचा रिवाज फटफटीला लावला यात नवल नव्हतं, तिथं आलेले निम्मे लोक बैलबाजारातलेच होते. पण कापड काढून, हे कोणाच्या डोक्यातून आलं. शेंगावालीला विचारलं तर म्हणाली, त्यो गॅरेजवाला बिभीषण हाय ना, त्यानं लिवलंय. मी तिथंच मनाशी म्हटलं, घ्या. ज्याला कापडाची युक्ती माहीत, तो ती कधीतरी खेळलेला असणार. शेंगावालीला खोदून विचारलं, याच्या घरी बैलाचा धंदा होता का. ती म्हणाली, न्हाय वो, बाप एस्टीत डायवर हुता, तुळजापूर-सोलापूर गाडीवर, ह्यांच्या घरात बैल सोडा, शेळीबी न्हाय. मग तर माझा संशय दुप्पट झाला. ड्रायव्हरच्या पोराला झुलीची गोष्ट कोणी शिकवली.

मग मी त्याला लांबून बघत बसले. उंच, काळासावळा, बाह्या दुमडलेल्या, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. ज्याची गाडी बदलायची असेल तो याला बोलवायचा, हा वाकून, झोपून, कान लावून गाडी बघायचा आणि मग धन्याला म्हणायचा, आता तुम्ही सांगा. स्वतः काही सांगायचा नाही. धनी आढेवेढे घ्यायचा, हा नुसता उभा. त्या मास्तरांनी आधी छातीवर हात मारून सांगितलं, एकही खोड नाही. हा म्हणाला, मास्तर, छातीवर नको, टाकीवर. मास्तरांनी टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, ऑइल पिते. लोक हसले, हा हसला नाही. मी हसऱ्या व्यापाऱ्याला पटकन ओळखते, न हसणाऱ्याला ओळखायला वेळ लागतो. त्याची स्वतःची काळी गाडी तिथं उभी होती, तिच्यावर हात ठेवून तिसरा गिअर सुटतो म्हणाला. मला तेही खरं वाटेना. माझे वडील असंच करायचे, बारकी खोड मोठ्यानं सांगायची म्हणजे मोठीकडं कोणाचं लक्ष जात नाही.

शेवटी मी बलभीमाला शिकवून पाठवलं. म्हटलं, त्याला बाजूला घे आणि म्हण, आमच्या गाडीत एक खोड आहे, तू डोळेझाक कर, आम्ही तुला विसरणार नाही. बलभीम गेला, चहा पिऊन मिशी पुसत आला. काय म्हणाला रे, तर म्हणे, काका, चहा घ्या आणि टपरीची पायरी जपून उतरा. मी म्हटलं एवढंच. व्हय, म्हणाला, पण चहा चांगला होता काकू. असा हा माझा हेर.

तेवढ्यात आपल्या फटफटीला गिऱ्हाईक आलं. नळदुर्गाकडचा महालिंगप्पा म्हणून एक शेतकरी, डोक्याला मोठा रुमाल. त्यानं बदल्यात विहिरीचं इंजिन आणलं होतं. द्वारका, ते इंजिन बघून माझं मन फिरलं. आपल्या विहिरीत तळाला पाणी आहे, यंदा पाऊस नाही तरी आहे, पण वर यायला साधन नाही. तुझ्या बापाची चार वर्षं त्याच्यावर नजर आहे. आणि हे इंजिन एका हँडलात सुरू झालं, असा ठणठणीत आवाज. महालिंगप्पा त्याच्या कानडी वळणानं मला आई म्हणत म्हणाला, अव्वा, तुमचा गाडी मला आवडला, मिलिटरीचा माल हाय, माझा इंजिन घ्या, मी पोराला गाडी देतो, तो उमरग्याला रोज जातो-येतो. मी आले होते माणूस पारखायला आणि बसले सौदा करायला. रक्त कुठं जातं.

बिभीषणाला बोलावलं. तो आला, मला नमस्कार केला, गोधडी काढली, घडी घालून माझ्या हातात दिली. तेवढ्यात महालिंगप्पानं मला हाताला धरून चहाला नेलं, नाही म्हणायची सोय ठेवली नाही. मी ओरडून सांगितलं, सीटला हात लावू नका, कोंबडीचं घरटं आहे. पण बशीतला चहा संपवून परतले तर तो सीट परत बसवत होता. त्याच्या तोंडाकडं बघितलं, तोंडावर काही नव्हतं. म्हणाला, आजी, स्प्रिंग बघायची होती, घरटं विस्कटलं नाही. आणि मग, आता तुम्ही सांगा.

खोड मला माहीत होती. बहात्तरच्या दुष्काळात तुझे आजोबा खडीकेंद्रावर मुकादम होते. मीही तिथंच खडी फोडायचे. एका बाईच्या डोळ्यात कपची गेली, तिला यांनी फटफटीवरून धाराशिवच्या दवाखान्यात पोचवलं आणि परत येताना मोरीवर आपटले. टाकीच्या खाली गाडीचा सांगाडा तडकला. गावच्या लोहारानं पट्टी ठोकून दिली, वर हिरवा रंग मारला. बाहेरून कळत नाही. हे सगळं मला ठाऊक असून मी त्या बिभीषणासमोर आणि महालिंगप्पासमोर काय केलं, सांगते. पदराचं टोक तळहातात धरलं, टाकीवर हात ठेवला, आणि म्हटलं, लेकरासारखी गुणी आहे, कसलीच खोड नाही. शब्दसुद्धा वडिलांचे आले तोंडात.

कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. तो माझ्या हाताकडं बघत होता, जसं मी दिवसभर त्याच्या हाताकडं बघत होते तसं. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझी अब्रू काढणार, आणि काढली असती तर मला बरंच झालं असतं, घरी येऊन आबारावाला हो म्हणाले असते. तो म्हणाला, आजी, टाकी उन्हानं तापली आहे, हात पोळतो म्हणून पदर घेतलात ना, थांबा. त्यानं स्वतःच्या गाडीला टांगलेली प्यायच्या पाण्याची पिशवी आणली, होतं नव्हतं ते सगळं पाणी त्या टाकीवर ओतलं आणि फडक्यानं पुसलं. आता गार आहे, म्हणाला. आणि दुसरीकडं बघत उभा राहिला.

पाणी खाली मातीत गेलं. यंदाच्या दिवसांत प्यायचं पाणी. मी पदर सोडला आणि हात ठेवला. गार होती गं टाकी. दहा वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. मग मी सगळं सांगितलं, मोरी, पट्टी, रंग, सगळं. आणि न विचारलेलंही सांगितलं. त्या अपघातानंतर तुझे आजोबा दोन वर्षं फटफटी चालवत होते, पण मला कधी मागं बसवलं नाही. आधी बसवायचे, बाजाराला न्यायचे. मला वाटलं, उन्हातान्हात खडी फोडून मी काळी पडले, यांना माझी लाज वाटते. दोन वर्षं मी नीट बोलले नाही त्यांच्याशी. अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणाले, अगं, तो सांगाडा कधी तुटेल सांगता येत नव्हतं, म्हणून तुला बसवलं नाही. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात. म्हणाले, तू मला चालवू दिली नसतीस. एवढ्याशा न सांगितलेल्या खोडीपायी दोन वर्षं वाया गेली, द्वारका. ती कोणी परत देत नाही.

महालिंगप्पानं कपाळाला हात लावला. अव्वा, म्हणाला, माझा पोरगा वाचला की. आणि इंजिन गुंडाळून निघाला, जाताना माझ्या ओटीत दोन मुठी शेंगा टाकून. इंजिन गेल्याचं वाईट वाटलं, वाटायलाच हवं. बिभीषण म्हणाला, सांगाडा नीट वेल्डिंग केला तर गाडी अजून चालेल, इथं ठेवता का. मी लगेच सावध झाले, सीट होती ना मनात. नको म्हटलं, घरी नेते. तर म्हणाला, मग मी सामान घेऊन येतो, पाडव्याला दुकान बंद असतं. मग म्हणाला, घरच्यांची हरकत नसली तर. त्याच्याच मदतीनं फटफटी परत बैलगाडीत चढवली. बलभीमानं बैल हाकले तेव्हा तो चाकाबरोबर चार पावलं चालला आणि खाली बघून विचारलं, ती बरी आहे ना. नाव घेतलं नाही. मी म्हटलं, बरी आहे. हेसुद्धा धड खरं नव्हतं.

येडशी येईपर्यंत बलभीम चहाचं कौतुक करत होता. मी विचार करत होते. झुलीची गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली आहे. तुझ्या आजोबांनासुद्धा नाही, सासरी बापाची अब्रू कशाला घालवायची. ती सांगितली तुला, तू गोवरानं फणफणली होतीस तेव्हा, हसवायला. म्हणजे फळ्यावरची ती ओळ माझ्याच घरून गेली होती. हिरवी फटफटी, कोंबडीचं घरटं, हेही तू त्याला सांगितलंच असशील, तेव्हा मी कोण ते त्यानं मी चहाला जाईपर्यंत ओळखलं असणार. आधी मला रागच आला, म्हटलं ओळखून सोंग करत होता. मग वाटलं, मला खूश करायचं असतं तर माझं खोटं पोटात घातलं असतं. महालिंगप्पाला काय कळणार होतं. ज्याला माझी नात हवी आहे, तो म्हातारीला इंजिन मिळू देईल. यानं माझी अब्रूही राखली आणि खोटंही चालू दिलं नाही. हे दोन्ही एका वेळी जमणारा माणूस मी एवढ्या बैलबाजारात बघितला नव्हता.

आता ते शेवटचं. फटफटी गोठ्यात आहे, मी तिच्याशेजारी पाटावर बसले आहे आणि डावा हात उघड्या टाकीवर ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. दिवाळीत तू घरी होतीस. पोस्टमनची घंटी वाजली की तू दारात धावायचीस आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसायचे. वसुबारसेला तू विहिरीवर गेली होतीस तेव्हा तुझं पत्र आलं. मला नवं नवं वाचता येत होतं, मी फोडलं. चार ओळी होत्या. तुझी हरकत नसेल तर दिवाळीनंतर येऊन तुझ्या वडिलांशी बोलतो, उत्तर आलं नाही तर नाही समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही, खाली नाव आणि गॅरेजचा पत्ता. तुझ्या सारख्या बिघडणाऱ्या सायकलीचं कोडं तेव्हा सुटलं. इतकं कमी बोलणारा माणूस काहीतरी झाकत असणार असं मला वाटलं, आणि मी ते पत्र फटफटीच्या सीटखाली, कोंबडीच्या घरट्यात कडब्याखाली दाबून ठेवलं. बाजारातून आल्यावर पहिलं ते बघितलं. पत्र तिथंच होतं, पण धुतलेल्या फडक्यात नीट गुंडाळलेलं, वर दोन गवताच्या काड्या पहिल्यासारख्या ठेवलेल्या. म्हणजे पाणी ओतायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं. पत्र त्याचंच होतं, तो काढून घेऊ शकला असता, चारचौघांत मला दाखवू शकला असता. त्यानं ते माझ्याकडं ठेवलं, मी सांगावं म्हणून. तर सांगते आहे, द्वारका. त्यानं लिहिलं होतं. तू वाट बघत होतीस आणि ते माझ्याकडं होतं. त्याच फडक्यात बांधून सोबत पाठवते आहे, कोंबडीचा वास येईल. आबारावाला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि आता म्हणणारही नाही, एवढंच सांगितलं आहे, की पाडव्याला एक जण तुझ्या आजोबांची फटफटी जोडायला येणार आहे. तुला यावंसं वाटलं तर आदल्या दिवशीच्या एस्टीनं ये. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, ये.

स्वतःची खोड सांगून मोकळी झालेली, तरी तुझीच,
सरुआजी